ज्येष्ठांचा एकटेपणा: आधी कारण शोधा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. मी तुमच्या पेपरची जुनी वाचक, वय ७२, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. ज्येष्ठांच्या तब्येतीवर तुमच्याकडे नेहमी काही ना काही छापून येतं, बीपी, शुगर, गुडघे, हाडांचा ठिसूळपणा, झोप, पोट, मी सगळं वाचते आणि त्याचा उपयोगही होतो. पण विषय माणसांच्या सोबतीचा निघाला की लेखाचा सूरच बदलतो, मग मुलांनी आईवडिलांना वेळ द्यावा, ज्येष्ठांनी छंद जोपासावेत, नेहमी आनंदी राहावं असं सुरू होतं आणि वाचून झाल्यावर नेमकं करायचं काय ते कळतच नाही. गुडघा दुखला तर आपण एक्सरे काढतो, कारण शोधतो. चांगला बोलका माणूस हळूहळू गप्प होत गेला, चारचौघांत यायचा बंद झाला, तर मात्र कुणी कारण शोधत नाही, "वय झालं की स्वभाव बदलतो" म्हणून सोडून देतात. मला एवढ्याच गोष्टीवर लिहायचंय. बऱ्याचदा स्वभाव होता तोच असतो हो, मधे एखादी साधी शारीरिक किंवा व्यवहारातली अडचण येऊन बसलेली असते आणि ती दूर करता येण्यासारखी असते. पत्र लांबणार आहे, जमेल तेवढं छापा.

आधी हा प्रश्न केवढा मोठा आहे ते सांगते, कारण पुष्कळांना हे रिकामपणाचं दुखणं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एक आयोग नेमला होता, त्याचा अहवाल ३० जून २०२५ ला आला. जगात दर ६ माणसांमागे १ जण एकटेपणाने त्रासलेला आहे आणि त्याच्याशी संबंध जोडता येईल असे मृत्यू वर्षाला साधारण ८ लाख ७१ हजार, म्हणजे तासाला १०० च्या आसपास, असं त्यात म्हटलंय. ज्येष्ठांमध्ये तर ३ पैकी १ जणापर्यंत लोक माणसांपासून तुटलेले असू शकतात असा अंदाज आहे. त्याच्याही आधी २०१० साली ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, ३ लाखांहून जास्त लोकांची माहिती होती त्यात, आणि ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते ते त्या अभ्यासांच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की डिमेन्शियावर, म्हणजे विसरभोळेपणाच्या आजारावर, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये ज्यांच्यावर उपाय करता येतो अशी १४ कारणं दिली, त्यात माणसांपासून तुटणं आहे, ऐकू कमी येणं आहे आणि नजर कमी होणंही आहे. ही तिन्ही एकाच यादीत आहेत, आणि घरात बघितलं तर ती एकातून एक येतात, ऐकू येईनासं झालं किंवा दिसेनासं झालं की माणूस तुटतो, फक्त आपण ते जोडून बघत नाही.

एक गोष्ट मात्र इथेच स्पष्ट करते. एकटं राहणं म्हणजे एकटेपणा असं मी म्हणत नाहीये. एकट्या राहणाऱ्या आणि अगदी मजेत असणाऱ्या बायका मी पाहिल्यात आणि भरल्या घरात दिवसभर कुणाशी चार वाक्यं न बोलणारे आजोबाही पाहिलेत. वय वाढलं की गोतावळा कमी होतो हेही नैसर्गिकच आहे, लॉरा कार्स्टेन्सन या संशोधक बाईंनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडे वेळ थोडा उरलाय हे जाणवलं की माणूस जवळच्या चार माणसांकडे वळतो, बाकीच्यांना आपणहून सोडतो, आणि त्यात तो दुःखी नसतो. म्हणजे कुणी समारंभाला यायचं टाळलं की लगेच धरून आणू नका. बघायचं ते एवढंच की त्याने आपल्या मर्जीने सोडलंय की त्याला सोडावं लागलंय. हे ओळखता यायला हवं आणि त्यासाठी विचारावं लागतं.

आता कानाचं सांगते, कारण ते मी आमच्या घरात जवळून पाहिलंय. आमचे हे आयुष्यभर बोलके, घरी माणसं आली की यांना उत्साह. मग काही वर्षांपूर्वी असं व्हायला लागलं की सगळे एकत्र जेवायला बसलोय, टीव्ही चालू, भांड्यांचा आवाज, पाच-सहा जण एकदम बोलतायत, आणि हे मधेच विचारणार, "काय म्हणाला तो?" एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा विचारलं तर जरा मोठ्याने सांगितलं, तिसऱ्यांदा विचारलं की कुणीतरी म्हणायचं, "काही नाही हो, जाऊ दे." हे "जाऊ दे" फार वाईट. म्हणणाऱ्याच्या मनात काही नसतं पण ऐकणाऱ्याला त्यातून कळतं की मी आता या बोलण्यात नाही. मग ह्यांनी विचारणंच बंद केलं. सगळे हसले की मागून हसायचे, मान हलवायचे, कुणी प्रश्न विचारला तर भलतंच उत्तर जायचं आणि मग चेहरा उतरायचा. पुढे पुढे तर जेवण झालं की पेपर घेऊन आतल्या खोलीत. नातेवाईक मला म्हणायला लागले की हे हल्ली एकलकोंडे झालेत, तुसडे झालेत, कुणी म्हणालं की रिटायर झाल्याचं मनाला लावून घेतलंय.

कानाची टेस्ट केली तेव्हा ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आलेख समोर ठेवून समजावलं. वयाने कान जातो तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत, आधी बारीक, उंच पट्टीचे जातात. स्वर जाड आवाजाचे, ते ऐकू येत राहतात पण स, श, फ, त, थ अशी व्यंजनं निसटतात, आणि शब्द कुठला ते तर व्यंजनावरूनच कळतं. म्हणून "ऐकू येतंय पण समजत नाही" असं होतं, म्हणून एकट्याशी शांत खोलीत नीट बोलणं होतं आणि चारचौघांत होत नाही, आणि म्हणूनच घरच्यांना वाटतं की यांना पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं. ओरडून बोलल्याने फारसा फायदा होत नाही कारण ओरडताना स्वरच मोठे होतात, उलट आपल्यावर कुणी डाफरतंय असं समोरच्याला वाटतं. समोर यायचं, आपल्या तोंडावर उजेड असेल असं बसायचं, टीव्ही बंद करायचा, एकाने एका वेळी बोलायचं, आणि समजलं नाही तर तेच वाक्य जोरात परत न म्हणता जरा वेगळ्या शब्दांत सांगायचं. यात एक पैसा खर्च नाही.

मशीनबद्दलही लिहायला हवं कारण कित्येक घरांत कानाचं मशीन ड्रॉवरमधे पडून आहे. चष्मा घातला की लगेच दिसतं तसं मशीनचं नाही. सुरुवातीला नळाचं पाणी, कागदाची सळसळ, चमचा ताटलीला लागल्याचा आवाज हे सगळं अंगावर येतं, स्वतःचा आवाजही परका वाटतो. मेंदूला ते परत चाळायला शिकावं लागतं आणि त्याला काही आठवडे जातात, त्या काळात परत परत जाऊन मशीनचं सेटिंग करून घ्यावं लागतं. हे आधी कुणी सांगत नाही म्हणून लोक आठवड्यात कंटाळून काढून ठेवतात. ह्यांनीही पहिल्या दिवसांत दोनदा काढून फेकल्यासारखं ठेवलं होतं. आता रोज घालतात, परत जेवणाच्या टेबलावर बसतात, वाद घालतात. अर्ध्या-पाऊण तासाने दमतात मात्र, कारण कमी ऐकू येणाऱ्याला ऐकणं हेसुद्धा काम असतं, मग उठून जरा शांत जागी जाऊन बसतात आणि परत येतात. आता सगळ्यांना माहीत आहे की ते रागावून गेलेले नाहीत.

हा काही आमच्या एका घरचा योगायोग नाही. साठीच्या पुढच्या लोकांत २५ टक्क्यांहून जास्त जणांना अडचण व्हावी इतकं कमी ऐकू येतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर ३ वर्षं एक मोठी चाचणी झाली, अचीव्ह नावाची, २०२३ मध्ये तिचे निकाल आले. सरसकट सगळ्यांच्या स्मरणशक्तीत फरक दिसला नाही हे खरं, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात कानावर इलाज केल्यावर मेंदूची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आणि २०२५ मध्ये त्याच चाचणीतून अजून एक गोष्ट पुढे आली, ज्यांना मशीन आणि सल्ला मिळाला त्यांच्या गोतावळ्यात ३ वर्षांनी इतरांपेक्षा सरासरी एक माणूस जास्त टिकून राहिला होता. एक माणूस हे ऐकायला कमी वाटेल, पण सत्तरीनंतर एक जिवाभावाचा माणूस कमी होणं किंवा टिकणं म्हणजे काय ते आमच्या वयाच्या कुणालाही विचारा.

दुसरं कारण असं आहे की जे कुणीच बोलत नाही, मी मोकळेपणाने लिहिते. लघवीवर ताबा न राहणं. खोकला आला, जोरात हसलं, शिंक आली की थोडी होते, किंवा लागली की थांबवत नाही. माझी एक मैत्रीण आमच्या ग्रुपमधली सगळ्यात हौशी, ट्रिपचं सगळं ठरवणारी, ती एकाएकी यायचीच बंद झाली. फिरायला नको, नाटकाला नको, "मला आता कंटाळा येतो गं हिंडायचा" एवढंच उत्तर. सगळ्यांना वाटलं सुनेशी काही बिनसलं असेल. एकदा दोघीच बसलो होतो तेव्हा खूप वेळाने बोलली, की कुठेही जायचं म्हटलं की आधी बाथरूम कुठे आहे हेच डोक्यात येतं, दोन तासांचा प्रवास म्हणजे आदल्या रात्रीपासून पाणी बंद, आणि एकदा सगळ्यांसमोर हसता हसता साडी ओली झाली तेव्हापासून तिने हसायच्याच जागा टाळल्या. हसायच्या जागा टाळल्या, हे तिचेच शब्द. पाणी कमी पिण्याने उलट त्रास वाढतो, लघवी तीव्र होऊन पिशवीला जास्त चुरचुरते. आणि यावर इलाज आहे हो, ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात त्यांचे व्यायाम आहेत, अर्नॉल्ड केगल नावाच्या डॉक्टरांनी ते १९४८ सालीच मांडलेत, नीट शिकून तीन एक महिने नेटाने केले तर पुष्कळ बायकांना फरक पडतो, काहींना औषधं लागतात, क्वचित ऑपरेशन. पुरुषांनाही प्रोस्टेटमुळे हाच त्रास असतो आणि तेही असेच घरी बसतात. पण डॉक्टरांना सांगायलाच लाज वाटते, आणि डॉक्टर आपणहून विचारत नाहीत. माझी मैत्रीण फिजिओथेरपिस्टकडे शिकली, आता येते. तिला मन रमवायला छंद सुचवला असता तर काय उपयोग होता सांगा.

डोळ्यांचं तसंच, मोतीबिंदू असला की संध्याकाळनंतर समोरून येणाऱ्या दिव्यांनी काही दिसत नाही म्हणून माणूस सहानंतरचं सगळं सोडून देतो, आणि रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं तरी चेहरा लागत नाही म्हणून न बोलता पुढे जातो, मग लोक म्हणतात शिष्ट झालाय. पडण्याची भीती हे अजून एक. एकदा पाय घसरून पडलं की दुखणं बरं होतं पण भीती राहते, मग चालणं कमी, चालणं कमी म्हणून पाय कमजोर आणि पाय कमजोर म्हणून परत पडायची शक्यता. तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून ३ दिवस तरी करावेत असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ज्येष्ठांसाठी मुद्दाम सांगितलंय. नुसतं "सांभाळून जा, नाहीतर जाऊच नको" म्हणून भागत नाही.

यापुढची गोष्ट तब्येतीची नाही, पण ती माझ्या वयाच्या सगळ्यांच्या मुलांनी वाचावी अशी इच्छा आहे. आपल्याला वाटतं जवळची माणसं महत्त्वाची, बाकीची काय येतात-जातात. पण दिवसभरात ज्यांच्याशी दोन-दोन वाक्यं बोलणं होतं ती माणसं, म्हणजे दुकानातला मुलगा, बँकेतली काउंटरवरची मुलगी, फिरायला येणारा नाव माहीत नसलेला माणूस, यांनी केवढा तरी दिवस भरलेला असतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच लिहून ठेवलंय की अशा वरवरच्या ओळखींमध्ये मोठी ताकद असते, त्यांचा विषय नोकऱ्या कशा मिळतात हा होता, पण म्हातारपणालाही ते लागू पडतं. कॅरेन फिंगरमन या अमेरिकन संशोधक बाईंच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं की ज्या ज्येष्ठांचा संबंध वेगवेगळ्या प्रकारच्या माणसांशी येतो, नुसता घरच्यांशी नाही, त्यांची दिवसातली हालचाल जास्त असते आणि मनही जास्त प्रसन्न असतं. आणि आता होतंय काय, मुलं प्रेमापोटीच म्हणतात, आई तू कशाला जातेस, मी ऑनलाइन मागवते, बाबा बिल मी फोनवरून भरून टाकतो, औषधं घरी येतील. प्रत्येक सोयीबरोबर एकेक भेट जाते. वर्षभरात असं होतं की घरी सगळं येतं आणि बाहेर जायला निमित्तच उरत नाही. माझं स्पष्ट मत आहे, जोवर पाय चालतायत तोवर आईवडिलांच्या हातातलं एक तरी बाहेरचं काम काढून घेऊ नका. त्यांना उशीर लागेल, रांगेत उभं राहावं लागेल, चालेल, तिथेच तर माणसं भेटतात.

बायको गेलेल्या पुरुषांचं वेगळं लिहायला हवं. पुष्कळ घरांत नाती बायकोच सांभाळते, कुणाचा वाढदिवस कधी, कुणाकडे आजारपण आहे, कुणाला फोन करायला हवा, सगळं तिच्या डोक्यात. ती गेली की त्या माणसाची बायको तर जातेच, पण तिच्यामार्फत येणारी सगळी माणसंही हळूहळू थांबतात, आणि याला स्वतःहून फोन करायची सवयच नसते. पहिले पंधरा दिवस घर भरलेलं असतं. खरी गरज असते ती तीन-चार महिन्यांनी, जेव्हा सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात. तेव्हा जा. आणि कुणाकडे नवरा किंवा बायको विसरभोळेपणाच्या आजाराने घरात असेल तर तिथेही जात राहा. लोक काय बोलायचं कळत नाही म्हणून जायचं टाळतात आणि त्यात आजारी माणसाबरोबर सांभाळणारं माणूसही तुटतं, ते तर चोवीस तास बांधलेलं असतं. गेलात की मात्र पहिलं वाक्य "ओळखलंत का मला?" हे नको. प्रत्येक जण हेच विचारतो, आणि समोरचा माणूस परीक्षेला बसवल्यासारखा गांगरतो. सरळ आपलं नाव सांगा, नातं सांगा, शेजारी बसा, जुनं काहीतरी बोला. आणि सांभाळणाऱ्याला म्हणा, मी आहे तासभर, तुम्ही पायी एक चक्कर मारून या.

बराच काळ एकटं पडलेलं माणूस चिडकं, संशयी होतं हे खरं आहे आणि त्यामुळे लोक अजून लांब जातात. यामागे कारण आहे. जॉन कॅसिओपो हे शिकागोचे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं एकटेपणावर काम करत होते, ते म्हणायचे की एकटेपणा ही भूक-तहानेसारखी शरीराने दिलेली सूचना आहे, माणसं शोध असं सांगणारी, पण ती फार काळ चालू राहिली की मेंदू सावध होतो आणि समोरच्याच्या साध्या बोलण्यातही नकार, टोमणा शोधायला लागतो. २०११ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकटेपणावरचे उपाय तपासून पाहिले तर नुसती माणसं एकत्र आणणं, कार्यक्रम करणं यापेक्षा हे मनातले गैरसमज दुरुस्त करायला मदत करणारे उपाय जास्त लागू पडले. म्हणून एखाद्या एकट्या पडलेल्या मावशींनी पहिल्यांदा "तुला आज बरी आठवण आली" असं तोडून म्हटलं तर उठून येऊ नका, दुसऱ्यांदा जा, तिसऱ्यांदा जा, तिथे चिवटपणाच लागतो. आणि माझ्या बरोबरीच्यांना सांगते, कुणी फोन उचलला नाही तर त्याचा अर्थ लगेच आपण नकोसे झालो असा लावू नका, बहुतेक वेळा समोरचा आंघोळीला गेलेला असतो.

फोनवरून आठवलं. फोन, व्हिडिओ कॉल हवेतच, लांबच्या मुलांसाठी तर तोच आधार आहे. पण प्रत्यक्ष भेटीची जागा ते पूर्ण घेत नाहीत. अमेरिकेत ५० च्या पुढच्या ११ हजारांवर लोकांचा एक अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात जे लोक आठवड्यातून ३ वेळा तरी नातेवाईक किंवा मित्रांना समोरासमोर भेटत होते त्यांच्यात दोन वर्षांनी नैराश्य सगळ्यात कमी होतं, ज्यांच्या भेटी कित्येक महिन्यांतून एखाद्या वेळेस त्यांच्यात जास्त, आणि फोनच्या संख्येने तसा फरक पडलेला दिसला नाही. ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणं हे तर बोलणं सुद्धा नाही. ज्याला पाठवायचाय त्याला त्याचं नाव घेऊन दोन ओळी लिहा, काल काय झालं ते लिहा, काहीतरी विचारा की उत्तर द्यावंसं वाटेल.

आणि विचारा यावरच मला जास्त भर द्यायचाय. ज्येष्ठांना सगळे काही ना काही द्यायला जातात, वेळ द्या, आधार द्या, प्रेम द्या. घेत कुणी नाही. कुणाला आपली गरज आहे, आपण गेलो नाही तर तिथे अडेल, हे वाटणं माणसाला घराबाहेर काढतं, तेवढं दुसरं काहीही काढत नाही असं माझं मत आहे. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये एक्सपिरियन्स कोअर म्हणून उपक्रम झाला, साठीच्या पुढची माणसं प्राथमिक शाळेत आठवड्याला १५ तास मुलांना वाचायला, शिकायला मदत करायची. १५ तास म्हणजे खरं काम, वेळ घालवणं नाही. झिम्बाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ मध्ये १४ आज्यांना शिकवून तयार केलं, दवाखान्याच्या आवारात एक बाक आणि त्यावर बसून आजी मन दुखावलेल्या माणसाचं ऐकून घेणार, फ्रेंडशिप बेंच म्हणतात त्याला. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी झाली आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा या आज्यांकडे गेलेल्यांचं नैराश्य जास्त कमी झालेलं निघालं. तिथे आज्या उपचार घेणाऱ्या नाहीत, देणाऱ्या आहेत! आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या त्या अहवालात म्हटलंय की एकटेपणा सगळ्यात जास्त १३ ते २९ वयाच्या मुलांमध्ये आहे. एकीकडे ऐकून घ्यायला कुणी नाही अशी पोरं आणि दुसरीकडे वेळ आहे पण कुणी विचारत नाही अशी म्हातारी माणसं, दोघं एकाच घरात सुद्धा असतात. घरातल्या नातवाने आजोबांकडे खरोखरच्या कामाची मदत मागावी, हिशोब तपासून द्या, सायकल दुरुस्त करायला या, माझी भाषणाची तयारी ऐका. उगाच बरं वाटावं म्हणून दिलेलं काम मात्र आम्हाला लगेच कळतं, ते देऊ नका.

ज्येष्ठांसाठी कार्यक्रम करणाऱ्या मंडळींनाही सांगायचंय. हॉलमध्ये आवाज घुमतो का, माइक आहे का, तो प्रत्येक बोलणाऱ्याच्या हातात जातो का, बाथरूम त्याच मजल्यावर आहे का, जिन्यात उजेड आणि कठडा आहे का, येण्याच्या वाटेवर टेकायला एखादा बाक आहे का, कार्यक्रम अंधार पडायच्या आत संपतो का, एवढं आधी बघा. लोक येत नाहीत म्हणून हळहळण्यापेक्षा जे यायचे बंद झाले त्यांच्यातल्या प्रत्येकाला फोन करून का ते विचारा, उत्तरं अशीच साधी निघतील. आणि दर वेळी वेगळा दिवस, वेगळी वेळ नको, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ असली की लक्षात राहतं, त्यासाठी आवरून बसलं जातं, आणि एखादा आला नाही तर ते कुणाच्या तरी लक्षात येतं.

तर संपादक साहेब, माझी विनंती अशी आहे की तुमच्या आरोग्याच्या पानावर या कारणांची एक मालिका चालवा, कानावर, डोळ्यांवर, लघवीच्या त्रासावर, तोल जाण्यावर, जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षावर, आणि त्यात दर वेळी डॉक्टरांबरोबर ज्याला तो त्रास आहे अशा एका माणसाशीही बोला. डॉक्टरांनाही तुमच्यामार्फत सांगते, साठीच्या पुढचा पेशंट आला की बीपी बघताना एक प्रश्न जास्तीचा विचारा, गेल्या आठवड्यात घराबाहेरच्या कुणाशी निवांत बोलणं झालं का, आणि उत्तर नाही आलं तर पुढे विचारा, का नाही. मालिकेतला पहिला लेख कानावर घ्या, कारण ऐकू येत नसलेल्या माणसाला बाकीचं काही विचारलं तरी तो नुसती मान हलवेल.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त, वय ७२)